छात्रालयाची पंगत

विद्यार्थ्याच्या महत्त्वाकांक्षेचा उगम केवळ त्याच्या बुद्धीत शोधण्याची आपल्या शिक्षणखात्याची, आणि पालकवर्गाचीही, जुनी खोड आहे. परंतु ज्या घरात दिवेलागणीनंतर रॉकेलचाही हिशेब होतो, त्या घरातील मुलाने मामलेदार होण्याची आकांक्षा धरावी, अशी अपेक्षा करण्यापूर्वी ती आकांक्षा त्याच्या दृष्टीस कोणी आणून दिली, याची तहकीकात व्हावयास हवी. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहांस आश्रय दिला, तो या जाणिवेनेच. आणि कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यास काढलेल्या छात्रालयात निरनिराळ्या जातींची मुले एका पंगतीस बसविली, श्रम करून शिकण्याचा परिपाठ घातला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्या मुलांच्या अन्नासाठी अंगावरचे दागिने मोडले, तेव्हा फुकट भोजनाहून मोलाची एक गोष्ट त्या मुलांच्या पदरी पडली: आपण कोणाचे मिंधे नाही, हा विश्वास. गुणपत्रिकेत त्याला रकाना नसतो, म्हणून परीक्षामंडळाला त्याचा पत्ता नसतो, हे ओघानेच आले.

प्रस्तुत अंकात म्हणूनच आम्ही वसतिगृहांच्या अधीक्षकांस प्रथम पाचारण केले आहे. प्राचार्यमहोदयांनी पुढील अंकापर्यंत दम धरावा.