जुनी डिझेल मोटार आणि घरची निगा

डिझेल इंजिन ही उरण तालुक्यातील माणसास अपरिचित वस्तू नव्हे. कोळ्याच्या होडीवर ते आहे, शेतकऱ्याच्या पंपावर ते होते. पुण्याच्या किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ह्या कंपनीची स्थापना १९४६ साली झाली; त्यानंतर महाराष्ट्रातील विहिरीविहिरींवर बसलेल्या इंजिनांचे ऑईल बदलणे, फिल्टर धुणे, हँडल मारून ती चालू करणे ही कामे शेतकऱ्याने स्वतःच्या हातांनी केली. त्यासाठी दर वेळी तालुक्याहून मिस्त्री आणण्याची चैन त्याला परवडणारी नव्हती. परंतु तेच इंजिन मोटारीच्या बॉनेटखाली गेले की हाच शेतकरी हात मागे घेतो, किल्ली गॅरेजवाल्याच्या स्वाधीन करतो आणि समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसतो. आमच्या मते हा संकोच अनाठायी आहे.

न्हावा शेवा बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. त्याआधी, जानेवारी १९८४ मध्ये, नवी मुंबईसाठी गेलेल्या जमिनींच्या मोबदल्याकरिता झालेल्या आंदोलनात ह्या भागातील पाच जणांनी प्राण गमावले. भातखाचरांच्या व मिठागरांच्या जागी कंटेनरांची आवारे झाली. ज्यांच्याकडे थोडी शेती आणि थोडी मासेमारी उरली, त्यांना मासळी, भाजी व घरची माणसे नेण्याआणण्यास वाहन लागतेच. नव्या गाडीचे हप्ते न झेपणारा गृहस्थ मग कोणाची तरी सात-आठ वर्षे वापरलेली डिझेल गाडी घेतो. अशा गाडीबरोबर कागदपत्रे मिळतात. तिची निगा कशी राखली गेली ह्याची हकीकत मात्र क्वचितच मिळते. मीटरवरील आकड्यावरही फारशी भिस्त ठेवू नये. म्हणून गाडी दारात आल्यावर पहिल्या आठवड्यातच इंजिन ऑईल, ऑईलचा फिल्टर, डिझेलचा फिल्टर आणि हवेचा फिल्टर ही चारही बदलावीत, त्या दिवसाचे किलोमीटर एका वहीत लिहावेत आणि पुढील हिशेब तेथून धरावा.

घरी काम केल्याने मजुरी वाचते हे खरे. परंतु आम्ही ह्या कामाचा पुरस्कार करतो तो त्यासाठी नव्हे. चेंबरच्या नटातून पडणारे ऑईल मालकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले पाहिजे. बैलाचे शेण पाहून त्याची प्रकृती ओळखणाऱ्यास हे निराळे सांगावयास नको. डिझेल इंजिनाचे ऑईल काजळीमुळे थोड्याच दिवसांत काळे पडते, त्याचे भय बाळगू नये. पण ते दुधाळ चहासारखे दिसले तर त्यात पाणी शिरले आहे व हेड गॅस्केट तपासून घेणे अगत्याचे आहे, असे समजावे. पट्टीवरील पातळी न घालताच वाढली असेल तर ऑईलात डिझेल उतरत आहे. तळाशी चंदेरी कण चमकले तर बेअरिंग झिजत आहे. ही चिन्हे गॅरेजात डब्यात ओतली जातात आणि मालकास त्यांचा पत्ता लागत नाही.

गाडी सपाट, कठीण जमिनीवर उभी करावी, हँडब्रेक ओढून चाकांना लाकडी ठोकळे लावावेत. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, क्षणभरदेखील, जाऊ नये. खाली भक्कम स्टँड दिल्यावाचून हे काम करावयाचेच नाही. इंजिन पाच-दहा मिनिटे चालवून बंद करावे, म्हणजे ऑईल कोमट होऊन गाळासह बाहेर येते. नट परत लावताना वॉशर नवा घालावा. नव्या फिल्टरच्या रबरी कड्यास ऑईलचे बोट फिरवून तो हातानेच आवळावा; पान्याचा जोर तेथे नको. लहान मोटारीस साधारण तीन ते साडेतीन लिटर, जीपसारख्या गाडीस पाच-सहा लिटर ऑईल लागते. अचूक प्रमाण व प्रत गाडीच्या पुस्तिकेत पाहावी. ऑईल पट्टीवरील दोन खुणांच्या मध्ये असावे. थोडे अधिक घातले म्हणून काय झाले, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. परंतु डिझेल इंजिन स्वतःचेच वंगण जाळून बेफाम धावू शकते आणि तेव्हा किल्ली फिरवूनही ते थांबत नाही.

ह्या किनाऱ्यावर विशेष लक्ष द्यावे ते पाण्याकडे. हवा दमट असल्याने अर्ध्या रिकाम्या टाकीत आतील बाजूस दव धरते आणि ते पाणी डिझेलखाली बसते. बहुतेक डिझेल फिल्टरांच्या बुडाशी पाणी सोडण्याचा स्क्रू असतो. तो महिन्यातून एकदा, पावसाळ्यात दोनदा, सैल करून पहिली धार काचेच्या बाटलीत धरावी. पाणी असल्यास ते खाली निराळे दिसते. आम्ही एका जुन्या जीपच्या फिल्टरातून पाऊण पेला पाणी काढलेले आहे, आणि तिचा मालक तोपर्यंत डिझेलपंपवाल्यास दोष देत होता. फिल्टर बदलल्यावर हातपंपाने हवा काढल्याविना इंजिन चालू होणार नाही, तेव्हा घाबरू नये. खाऱ्या चिखलातून आलेली गाडी गोड्या पाण्याने खालून धुवावी. ट्रेलरांच्या रस्त्यावरील धुळीमुळे हवेचा फिल्टर मुदतीआधी भरतो, म्हणून तो मध्येच उघडून पाहण्याची सवय असावी.

आता मर्यादा. आधुनिक गाडीत डिझेलचा दाब वातावरणाच्या हजार पटींहूनही अधिक असतो; टायरमधील हवेचा दाब त्याच्या पासंगासही पुरत नाही. नोझलकडे जाणाऱ्या जाड नळ्या सैल करू नयेत व गळती बोटाने चाचपू नये. ती धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसली तरी ताबडतोब रुग्णालय गाठावे, कारण हात गमावण्याची वेळ येते. ब्रेक, फ्युएल पंप आणि टायमिंग बेल्ट ही कामे जाणत्या मिस्त्रीचीच होत. बेल्ट केव्हा बदलला ते ठाऊक नसल्यास तो आधी बदलून घ्यावा.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे निकष लागू झाले. त्यानंतरच्या काही डिझेल गाड्यांत डेफ नावाचे द्रावण घालावे लागते. ते ३२.५ टक्के युरियाचे आहे, हे कळताच घरातील खताच्या पोत्याकडे नजर जाणे स्वाभाविक आहे. तो मोह आवरावा. खताच्या युरियास निंबोळी तेलाचा लेप असतो. त्याने धूर शुद्ध करणारी यंत्रणा बिघडते व तिची किंमत पाहता पोते फार महाग पडते. शिवाय अनुदानाचे खत शेतीखेरीज अन्यत्र वापरणे कायद्याने निषिद्ध आहे.

राहिला प्रश्न जळक्या ऑईलाचा, आणि घरच्या कामास आमचा पाठिंबा ह्या एका अटीवर आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजी न्हावा शेवाहून निघालेले एमएससी चित्रा हे जहाज मुंबई बंदराबाहेर खलीजिया ह्या जहाजावर आदळले. सुमारे ८०० टन तेल समुद्रात गेले, उरण-अलिबागकडील खारफुटीवर त्याचा थर बसला, मासळीस गिऱ्हाईक मिळेना. त्या जहाजांना आपण नावे ठेवली. पण अंगणातले तीन लिटर काळे ऑईल गटारात सोडले तर तेही त्याच खाडीस मिळते. साचलेल्या पाण्यावर डासांसाठी, कुंपणाच्या खांबांवर वाळवीसाठी ते वापरण्याची जुनी रीतही आता सोडावी. त्यात जड धातू असतात. २०१६ च्या नियमांनुसार हे घातक टाकाऊ द्रव्य असून ते परवानाधारक संकलकाकडेच गेले पाहिजे.

एकटा गाडीमालक तीन लिटरांसाठी संकलक शोधीत बसणार नाही, हे आम्ही जाणतो. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी येथे पुढाकार घ्यावा. सहकारी सोसायटीच्या किंवा मच्छीमार संस्थेच्या आवारात, छपराखाली, पक्क्या ओट्यावर झाकणाचे एक पिंप ठेवावे व त्यावर ठळक अक्षरांत लिहावे: फक्त इंजिनचे जुने ऑईल. पाणी, कूलंट किंवा ब्रेकचे तेल त्यात मिसळल्यास ते शुद्ध करणारा घेत नाही. होड्यांच्या इंजिनांचे ऑईलही तेथेच जमा झाल्यास पिंप लवकर भरेल आणि गाडी पाठविणे संकलकासही परवडेल.