डिसेंबरातला उपचार आणि ऑगस्टमधली मोजणी

मधमाशीवर जगणारा व्हरोआ माइट ब्रिटनमध्ये १९९२ साली डेव्हनमध्ये पहिल्यांदा आढळला. तिथे भर हिवाळ्यात पेटीत ऑक्झॅलिक आम्ल घालण्याची पद्धत आज रुळली आहे, आणि ती सयुक्तिकही आहे. माइट पिल्लांच्या मेणाने बंद झालेल्या घरांत लपतो, आणि हे आम्ल तिथे पोहोचत नाही. थंडीत राणीचे अंडी घालणे थांबले की माइटला लपायला जागा उरत नाही. पण कित्येक महिने तगणाऱ्या हिवाळी माश्या उन्हाळा सरतानाच तयार होतात. कोषातच त्यांना माइट लागला, पंख विकृत करणारा विषाणू भिनला, तर डिसेंबरातला उपचार म्हणजे वरातीमागून घोडे. म्हणून माइटची मोजणी ऑगस्टमध्येच व्हायला हवी.

मोजणीसाठी सुमारे ३०० माश्या अल्कोहोलमध्ये माराव्या लागतात, हे अनेकांना खुपते. हजारोंच्या वसाहतीला एवढी झीज सोसते. नपेक्षा पिठीसाखरेत घोळवून माश्या जिवंत सोडता येतात, आकडा मात्र थोडा कमी भरवशाचा. उपचारच थांबवा, माश्या आपोआप प्रतिकारक्षम होतील, हा आक्षेप अधिक वजनदार. आपल्या सातेरीच्या जातीची आशियाई माशी व्हरोआसह जगते खरी, कारण तिच्या वसाहतीत माइटची वाढ बहुतांशी नरांच्या कोषांपुरती राहते. पण तो तोल दीर्घ सहवासाचा आहे. युरोपीय माशीची पेटी कोसळू दिली, तर मध लुटायला आलेल्या माश्या माइट शेजाऱ्याकडे नेतात. प्रयोग एकाचा, भुर्दंड दुसऱ्याला. प्रतिकारक्षम वाण हवे असेल, तर जास्त माइट निघालेल्या वसाहतीवर उपचार करून तिची राणी बदलता येते.