तंबोऱ्याचा खर्ज आणि मुठीएवढी पेटी

'जुनी जोडी टाका, नवी घ्या,' असा फुकटचा उपदेश करमाळ्यास आमच्या घरीं येणारा प्रत्येक सुज्ञ करून जातो. आमच्या स्पीकरांचें उत्पादन बंद पडलें, हें खरें. यामाहाच्या नामांकित 'एनएस-१०'चेंहि, पडद्याचा लगदा मिळेनासा झाल्यामुळें, २००१ सालीं पडलेंच. पण त्यांच्या जागीं मुठीएवढी पेटी पुढें करणाऱ्यांनीं तंबोऱ्याचा खर्ज कधीं ऐकला आहे काय? खर्जास पुष्कळ हवा हलवावी लागते. टीचभर पडद्यानें ती हलावी कशी? आमचे पडदे शाबूत आहेत, कडेचा स्पंज तेवढा कुजला आहे, आणि तो बदलतां येतो. दुकानदार मात्र कड विकीत नाहीं, पेटीच विकतो! 'तंबोरा लावून दाखवा,' म्हणतांच त्यानें आम्हांस ढोल ऐकविला.