पाण्याचा नकाशा चावडीवर हवा

सार्वजनिक पाण्याच्या कारभारांत गेल्या कांहीं वर्षांत एक नवें साधन आलें आहे. त्यास भौगोलिक माहिती प्रणाली असें म्हणतात. नांव भारदस्त असलें तरी गोष्ट समजण्यास कठीण नाहीं. जमिनीचा उतार, मातीची खोली, खालचा खडक, ओढे, विहिरी, पिकें आणि पाऊस यांचे निरनिराळे नकाशे संगणकावर एकावर एक बसवावयाचे, आणि पाणी कोठें अडवावें, कोठें मुरवावें व उपसा कोठें आटोक्यांत ठेवावा हें त्यांवरून ठरवावयाचें, असा हा प्रकार आहे. नागपूरचें महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र उपग्रहांच्या छायाचित्रांवरून असे नकाशे तयार करतें. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेनें सारें राज्य १,५३१ पाणलोट क्षेत्रांत विभागलें आहे. हें काम स्तुत्य आहे, यांत शंका नाहीं.

परंतु नकाशा म्हणजे पाणी नव्हे. डिसेंबर २०१४ मध्यें सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानांत कामांचीं स्थानें छायाचित्रांसह नकाशावर नोंदविण्यांत आलीं. तथापि महालेखापरीक्षकांचा जो अहवाल २०२० सालीं विधिमंडळापुढें आला, त्यांत ९,६३३ कोटींहून अधिक रुपये खर्चूनही भूजलाची पातळी वाढविण्यांत फारसें यश आलें नाहीं, असा निष्कर्ष आहे. तपासलेल्या १२० गांवांपैकीं ८३ गांवांत झालेला साठा पिण्याच्या व शेतीच्या गरजेस पुरेसा नव्हता. बंधारा कोठें आहे हें नकाशावरील टिंबानें कळतें. त्यांत पाणी किती टिकलें व खालच्या विहिरींतून किती उपसलें गेलें, हें टिंबानें कळत नाहीं.

येथेंच शेतकऱ्याचा संबंध येतो. आपल्या राज्याचा चार पंचमांशांहून अधिक भाग काळ्या कातळाचा आहे. या कातळांत पाणी राहतें तें मुरमाच्या थरांत व भेगांत. म्हणून एका बांधावरील विहीर भरलेली आणि शेजारची कोरडी, हा आपला नित्याचा अनुभव आहे. सरकारच्या निरीक्षण विहिरी सुमारें ३,९०० आहेत आणि गांवें चाळीस हजारांवर. म्हणजे सरासरीनें दहा गांवांमागें एकच विहीर मोजली जाते. बाकीच्या गांवांची पातळी नकाशावर अनुमानानें भरली जाते. पुढें भूजलाच्या २००९ च्या कायद्याखालीं एखादें क्षेत्र अधिसूचित झालें, तर नव्या विहिरीवर व पिकांवर निर्बंध येऊं शकतात. ज्या मोजमापावर आपली विहीर व आपलें पीक अवलंबून राहणार, तें आपण कधीं पाहिलेंच नाहीं, ही स्थिति न्याय्य म्हणतां येणार नाहीं.

कोणी म्हणेल कीं, हें शास्त्रज्ञांचें काम. कुणब्यास त्यांत काय कळणार? यास अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजारनें कृतीनें उत्तर दिलें आहे. तेथें गांवकरी स्वतः पाऊस व विहिरींची पातळी मोजतात, ग्रामसभेंत पाण्याचा जमाखर्च मांडतात आणि त्यावरून पिकें ठरवितात. शेतीसाठीं विंधनविहिरी घेण्यास तेथें बंदी आहे, आणि ती गांवानें स्वतःहून पाळली आहे. स्वतः मोजलेल्या आंकड्यावर माणसाचा विश्वास बसतो. वरून आलेल्या आंकड्याचें केवळ भय वाटतें.

म्हणून आमचें मत असें कीं, प्रत्येक पाणलोटाचा नकाशा मराठींत, गट नंबरांसह, ग्रामपंचायतींत लावला जावा. त्यांतील चूक दाखविण्याचा हक्क खातेदारास असावा. आणि गांवानें घेतलेलीं मोजमापें तपासून त्यांत सामील करून घ्यावींत. मात्र मागणी करून स्वस्थ बसणें शोभणार नाहीं. दोरीस वजन बांधून महिन्यांतून एकदां आपल्या विहिरीची पातळी मोजणें कोणासही जमण्यासारखें आहे. गांवांतील शिकलेल्या मुलामुलींनीं ती मोबाइलवर स्थानासह नोंदवावी. प्रत्येक गांवीं दहा सभासदांनीं एवढें वर्षभर केलें, तर पुढील ग्रामसभेंत सरकारी नकाशापुढें ठेवावयास आपल्या हातीं कांहींतरी असेल. सभासद बंधुभगिनींनीं याच महिन्यापासून हें काम हातीं घ्यावें, अशी आमची आग्रहाची विनंति आहे.