अरल कापसाने नाही, हुकमाने आटला



शहरातल्या पर्यावरणवाद्यांच्या सभेत कापसाचा विषय निघाला की एक चित्र हमखास दाखवले जाते. वाळूत रुतलेली गंजकी जहाजे आणि नजर पोचेल तिथवर पाण्याचा थेंब नाही. हा मध्य आशियातला अरल समुद्र. चित्राखालचा निकालही ठरलेला असतो : कापसाने समुद्र गिळला. म्हणजे कापूस पिकवणारा गुन्हेगार. चित्र खरे आहे, निकाल खोटा आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा हा प्रकार आहे.

खरे काय झाले ते पाहा. १९६० साली अरल हे जगातले चौथ्या क्रमांकाचे सरोवर होते. विस्तार सुमारे ६८,००० चौरस किलोमीटर. अमू दर्या आणि सिर दर्या या दोन नद्या त्याला पाणी देत. मॉस्कोतल्या नियोजनकारांनी ठरवले, या नद्या वाळवंटात वळवायच्या आणि देशाला लागणारा कापूस तिथे काढायचा. काराकुम कालवा १९५४ सालीच खोदायला घेतला होता. मातीचे, अस्तर नसलेले कालवे. बरेच पाणी शेतापर्यंत पोचण्याआधीच वाळूत जिरे. २००७ पर्यंत समुद्र मूळच्या दहाव्या हिश्श्यावर आला. २०१४ साली दक्षिण भागाचे पूर्वेकडचे पात्र पुरते कोरडे पडले. मुयनाक हे मासेमारीचे बंदर. तिथून पाणी कित्येक कोस दूर गेले. उघड्या पडलेल्या तळाचे मीठ आणि शेतातून वाहत आलेली विषारी औषधे वाऱ्याबरोबर काराकालपाकस्तानच्या लोकांच्या छातीत शिरली.

यात शेतकरी कुठे होता? तो सरकारी आणि सामूहिक शेतावरचा मजूर होता. किती हेक्टर लावायचे, किती टन द्यायचे, सगळे वरून ठरे. पाणी वाचवले तर त्याच्या पदरात काही पडत नसे, कापूस कमी दिला तर जाब द्यावा लागे. अशा माणसाने पाणी कशासाठी वाचवावे? आणि वरच्यांचे इमान किती? न पिकलेला कापूस वर्षानुवर्षे कागदावर पिकवल्याचे उझबेकिस्तानातले प्रकरण १९८० च्या दशकात उघडकीला आले. कापूस कागदावरचा होता, समुद्र मात्र खराच आटला.

१९९१ साली सोव्हिएत युनियन कोसळली. मग आले आंतरराष्ट्रीय सहकार्य. फेब्रुवारी १९९२ मध्ये मध्य आशियातल्या पाच देशांनी अल्माटीला पाणीवाटपाचा करार केला. १९९३ साली अरल वाचवण्याचा आंतरराष्ट्रीय निधी उभा राहिला. १९९४ साली जागतिक बँक आणि संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांच्या मदतीने खोऱ्याचा कार्यक्रम आखला. १९९५ साली नुकुसला घोषणापत्र निघाले. परिषदा झाल्या, तज्ज्ञ आले, अहवाल लिहिले गेले. मुळाला मात्र हात लागला नाही. उझबेकिस्तानात कापसाचा सरकारी हुकूम कायम राहिला. जमीन सरकारची, पेरा सरकारचा, भाव सरकारचा, आणि तो जगाच्या बाजारभावापेक्षा कितीतरी खाली. मधला फरक सरकारच्या तिजोरीत. वेचणीला माणसे मिळेनात तर शाळकरी पोरे, मास्तर, परिचारिका यांना सक्तीने शेतात नेले. ज्या सरकारचे परकीय चलन या लुटीवर उभे होते, ते समुद्र वाचवण्याच्या प्रत्येक कागदावर खुशाल सही करत होते. सहीला पैसे पडत नाहीत.

दुसरी गाठ नदीच्या वरच्या अंगाला. किरगिझस्तानला हिवाळ्यात वीज हवी, म्हणून तो तोक्तोगुल धरणाचे पाणी हिवाळ्यात सोडतो. खालच्या देशांना पाणी उन्हाळ्यात हवे. मॉस्कोच्या राज्यात खालून कोळसा आणि गॅस वर जाई, वरून पाणी खाली येई. राज्य मोडले, देवाणघेवाण मोडली. १९९८ साली पुन्हा करार केला, तोही धड चालला नाही. २०१६ साली किरगिझस्तानने निधीतला आपला सहभागच थांबवला. २०२२ साली तालिबान सरकारने अमू दर्यावर कोश तेपा कालवा खोदायला घेतला. अफगाणिस्तान तर १९९२ च्या करारात नाहीच.

मग परक्याची मदत कुठेच फळाला आली नाही का? आली, आणि कुठे आली ते नीट पाहिले पाहिजे. कझाकस्तानात उत्तर अरलच्या लोकांनी १९९० च्या दशकात वाळूचा बांध घालून पाहिला. १९९९ साली तो वाहून गेला. पण पाणी अडते, मासे परततात, हे लोकांनी दाखवून दिले होते. मग जागतिक बँकेच्या कर्जाची जोड मिळाली आणि २००५ साली सुमारे १३ किलोमीटरचा कोक-अरल बांध पुरा झाला. सगळा प्रकल्प सुमारे साडेआठ कोटी डॉलरचा. उत्तरेच्या समुद्रात पाणी चढले, खारटपणा उतरला, मासेमारी पुन्हा सुरू झाली. पोलंडचेही तसेच. तिथे धनको देशांनी कर्जाचा काही भाग सोडला, अट एकच : तेवढा पैसा पोलंडने आपल्याच देशातली हवा आणि नद्या स्वच्छ करायला घालायचा. १९९२ साली त्यासाठी इकोफंड स्थापन झाला. दोन्हीकडे काम ठरलेले होते, हिशेब मागता येत होता, फळ तिथल्याच लोकांना मिळत होते.

उझबेकिस्तानात हुकूम कशाने हलला? तीनशेहून अधिक कंपन्यांनी सक्तीच्या मजुरीचा कापूस घेणार नाही असे जाहीर केले, २०१६ साली सत्ता बदलली, आणि २०२० साली कापसाची सरकारी सक्ती कागदोपत्री रद्द झाली. सक्तीची मजुरी थांबल्याचे दिसल्यावर मार्च २०२२ मध्ये बहिष्कार उठला. पण जुन्या सरकारी खरेदीच्या जागी 'क्लस्टर' नावाच्या कंपन्या आल्या आणि शेतकरी आपल्या भागातल्या क्लस्टरच्या दावणीला बांधला गेला. मालक बदलला, दावे तेच.

कोणी विचारील, भाव मोकळा केला की पाणी आपोआप वाचेल का? नाही. नदी पाच-सहा देशांची, तिच्या वाटपाला करार लागणारच. पण ज्याला आपल्या पिकाचा निर्णय घेता येत नाही, त्याच्या शेतात कोणताही करार उगवत नाही. हे ज्वारीची लेव्ही घातलेल्या आणि १९७१ च्या कायद्याची एकाधिकार कापूस खरेदी भोगलेल्या माणसाला पढवावे लागत नाही.

आता आपल्याकडे पाहा. विदर्भ-मराठवाड्यातली बहुतेक पऱ्हाटी पावसावर वाढते. तिने कोणाचा समुद्र प्यायला? तरी 'शाश्वत कापूस' म्हणत वह्या भरून घेणारे आपल्याही गावात येतात. त्यांना हाकलू नका. माती आपली, तिची काळजी त्यांच्याआधी आपल्याला. पण जिल्ह्याच्या बैठकीत तीन प्रश्न मांडा आणि उत्तर लेखी मागा. एक, या अटी पाळायचा खर्च कोण देणार? दोन, अटी पाळल्यावर क्विंटलमागे भाव किती वाढवून मिळणार? तीन, नको वाटले तर बाहेर पडायची मोकळीक आहे का?

तिन्ही उत्तरे धड मिळाली तर सही करा. नाही मिळाली तर समजा, अरलच्या काठावर जो हुकूम टाचा घासत आला, तोच हिरवा सदरा घालून आपल्या बांधावर उभा आहे.