टाळ्या थांबल्यावर

दिवाळीच्या सुट्टीत बेंबळीस गेलो की आमचा पहिला मुक्काम विहिरीवर. कॉलेजात मराठी शिकवता शिकवता पोट जरा पुढे आले आहे. पण सूर मारण्याची हौस काही जात नाही.

यंदा काठावर पुतण्या बसला होता. चार वर्षांपूर्वी कडबा कापण्याच्या यंत्रात त्याचा उजवा हात कोपरापासून गेला. पुढे तो त्याच विहिरीत एका हाताने पोहायला शिकला, स्पर्धांत उतरला, दोन पदकेही आणली. आता बी. ए. झाला, स्पर्धा सोडून नोकरी शोधायची म्हणत होता.

"काका, एक विचारू? पोहतो तोवर लोक मला पोहणारा म्हणतात. सोडल्यावर पुन्हा थोटाच म्हणणार ना?"

वर्गात तासभर बोलणारा मी गप्प झालो. कारण अपघातानंतर वहिनींना मीच बजावले होते, "ह्याला विहिरीकडे फिरकू देऊ नका." बोलण्यात माया होती, पण विश्वास नव्हता.

रात्री ओसरीवर त्याला मुरलीकांत पेटकरांची हकीकत सांगितली. सांगली जिल्ह्यातले पेठ इस्लामपूर हे त्यांचे गाव. लष्करात ते मुष्टियुद्ध खेळत. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे शरीर अधू झाले. मग त्यांनी पाणी जवळ केले. १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे ५० मीटरची शर्यत ३७.३३ सेकंदांत जिंकून भारताला पॅरालिंपिकमधले पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. पुढे पुण्यास टेल्कोत नोकरी केली. पद्मश्री मिळाली ती २०१८ साली, म्हणजे ४६ वर्षांनी!

"निवृत्त ते झाले, पण विसर आपल्याला पडला," मी म्हणालो. "त्यात त्यांचे काय उणे होते?"

"पण त्यांना हात तरी होते," तो म्हणाला.

मग मी आपल्या शेजारच्या करमाळ्याच्या सुयश जाधवचे नाव काढले. लहानपणी विजेच्या धक्क्याने त्याचे दोन्ही हात गेले. तरी २०१८ साली जकार्त्याच्या आशियाई पॅरा स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये त्याने सुवर्णपदक जिंकले. २०२० चा अर्जुन पुरस्कारही त्याला मिळाला. पुतण्या ऐकत राहिला. पटले की नाही, कळले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर गेलो, तर हा छातीइतक्या पाण्यात उभा. पाठीला डबा बांधलेली तीनचार पोरे त्याच्याभोवती हातपाय मारीत होती. काठावरून एक बाई ओरडली, "मास्तर, लेकराला सांभाळा बरं!"

मी सवयीने "हो" म्हणालो. बाई माझ्याकडे बघतच राहिली. तिने हाक त्याला मारली होती.

पाण्यातून पुतण्या खदखदून हसला. मास्तर हा शब्द मी गेली वीस वर्षे ऐकतो आहे. इतका गोड तो मला कधी लागला नव्हता.