नर्स हवी, पण आयती

नर्स मिळत नाहीत, अशी बोंब खासगी दवाखानेवाले बारमाही मारतात. एखादी बाई तिशीनंतर नर्स व्हायला निघाली, की हीच मंडळी तोंड फिरवतात.

मी असोद्याची. जळगावच्या डाळ मिलमध्ये हिशेब लिहिते. जीएनएम या नर्सिंगच्या कोर्सचं नाव काढलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आता या वयात कायले हे लचांड?" त्यांचंही खरंच. कोर्स तीन वर्षांचा आणि पूर्णवेळ, वयाची अट ३५, हजेरी ८० टक्के हवी; वॉर्डातली बुडालेली ड्युटी भरून काढल्याशिवाय प्रमाणपत्र नाही. नोकरी सांभाळून हे जमत नाही, आणि जमूही नये. आमच्या असोद्याच्याच कवयित्री बहिणाबाई शाळेत न जाता एवढ्या मोठ्या झाल्या, हे आम्हाला दर कार्यक्रमात ऐकवतात. ओवी तशी सुचत असेल. सलाईन तसं लावता येत नाही. ५०० मिलीची बाटली आठ तासांत द्यायची, सेट मिलीला २० थेंबांचा, तर मिनिटाला साधारण २१ थेंब. माझा मिलमधला हिशेब चुकला तर पोतं कमी भरतं. हा चुकला तर एखाद्या म्हाताऱ्याच्या फुफ्फुसात पाणी भरतं.

म्हणून 'नोकरी करता करता सहा महिन्यांत नर्स' म्हणणारे एजंट मला दरोडेखोर वाटतात. त्यांच्या कागदावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी होत नाही. तरी त्या मुली गणवेश घालून इंजेक्शनं देतात, कारण स्वस्त पडतात. मलाही एका दवाखान्यात सांगितलं, "शिकता कशाला ताई? उद्यापासून या, हाताखाली तयार व्हाल." पगार मिलपेक्षा कमी! सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६च्या आदेशानंतर नेमलेल्या केंद्राच्या समितीने ५० खाटांखालच्या दवाखान्यातही नर्सला किमान २०,००० रुपये द्यावेत, अशी शिफारस केली होती. मी तो आकडा काढला, तर साहेब हसले.

अडचण अभ्यासाची नाही, त्या तीन वर्षांत चूल कशी पेटायची याची आहे. बाईने दागिने मोडून शिकायचं आणि दवाखान्याने आयत्या बिळावर नागोबा व्हायचं, हा कुठला न्याय?

दवाखानेवाल्यांनो, शिकत असताना अर्धा पगार द्या आणि बदल्यात तीन वर्षांची नोकरी लिहून घ्या. कागद आणा, सही आजच करते.